क्रीडावीर बाळू पालवणकर

विद्यार्थिमित्रहो, जो संघ जिंकतो त्याच्या खेळाडूंची नावे लोकांच्या तोंडी सहज बसतात. विजयाचा ढोल वाजू लागला की त्या आवाजात लहानथोर सर्वांचेच गुण दुप्पट दिसतात. परंतु ज्याच्या संघाच्या पदरी पराजयामागून पराजय येत आहे, अशा खेळाडूने रोज सकाळी त्याच उमेदीने मैदानावर उतरावे, आपले काम चोख बजवावे आणि संध्याकाळी पुन्हा एक हार सोसून परतावे, ही गोष्ट फार थोड्यांस साधते. सन १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एका हिंदी खेळाडूने ती साधून दाखविली. त्याचे नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या कागदपत्रांत पी. बाळू ह्या नावाने ते ओळखले जातात. हिंदुस्थानने ह्या खेळात जे थोर गोलंदाज निर्माण केले, त्यांत कालक्रमाने पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते. आपल्या नाशकात सुट्टीच्या दिवशी गोल्फ क्लबच्या मैदानावर जी शेकडो मुले चेंडू-फळी घेऊन जमतात, त्यांच्यापैकी किती जणांस हे नाव ठाऊक असेल? म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बाळूंचे घराणे मूळ कोकणातील. पालवण ह्या गावावरून त्यांस पालवणकर हे आडनाव पडले. ते चर्मकार समाजात, म्हणजे त्या काळी ज्यांस अस्पृश्य मानीत अशा समाजात जन्मले. त्यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पुढे वडिलांच्या लष्करी खात्यातील नोकरीमुळे हे कुटुंब पुण्यास आले. बाळू सर्वांत वडील. त्यांच्या पाठीवर शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊ. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेले जुने चेंडू आणि मोडक्या फळ्या हेच ह्या भावंडांचे खेळाचे पहिले साहित्य. त्यांस शिक्षक नव्हता आणि कोणी खेळावयास बोलावीतही नव्हते. कुंपणाबाहेर उभे राहून पाहावे, आणि पाहिलेले घरी येऊन करून पाहावे, एवढीच त्यांची शाळा.

घरच्या परिस्थितीमुळे बाळूंस लहानपणीच नोकरी धरावी लागली. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि क्वचित् सभासदांस सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे महिना चार रुपये मिळू लागले. काम मात्र तसेच : रूळ ओढावा, चुन्याच्या रेघा आखाव्या, जाळ्या उभाराव्या, टेनिसचे अंगण तयार करावे. मोकळा वेळ सापडला की एखाद्या साहेबास चेंडू टाकावे.

ह्या मोकळ्या वेळानेच बाळूंचे दैव उघडले. ह्या पोऱ्याच्या हाताला विलक्षण वळण आहे हे क्लबातील एका युरोपियन खेळाडूच्या प्रथम लक्षात आले आणि त्याने त्यांस जाळीत नेमाने गोलंदाजी करावयास लाविले. पुढे ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी पुण्यास आले. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या इंग्रज फलंदाजांत त्यांची गणना पहिल्या प्रतीत होत असे. ग्रेगसाहेब इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकवून घेत. बाळूंनी आपणास बाद केले की दर वेळेस आठ आणे बक्षीस द्यावयाचे, असा त्यांचा नेम होता असे सांगतात. मित्रहो, महिना चार रुपयांच्या चाकरास आठ आण्यांची किंमत काय वाटत असेल, हे तुम्हीच ताडून पाहा. परंतु त्या पैशांहून मोठी गोष्ट बाळूंच्या हाती लागत होती. उत्तमातल्या उत्तम फलंदाजापुढे रोज शेकडो चेंडू टाकावयाचे, त्याने एक चेंडू ओळखला की दुसरी युक्ती शोधावयाची, असा हा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. बाळू डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकीत. दिसावयास साधा, पण हातातून सुटताना बोटांच्या पेराने त्यास असा पीळ द्यावा की टप्पा पडताच तो कधी आत तर कधी बाहेर वळावा, एक जरा उंच व सावकाश, तर पुढचा किंचित् वेगाने. फलंदाजाचा अंदाज चुकला की काम झाले.

एवढे असूनही त्या क्लबात बाळूंच्या हाती कोणी फळी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, आणि फळी मारणे हा साहेबाचा मान, अशी तेथील वाटणी होती. म्हणून फलंदाजीत ते गोलंदाजीइतके तयार होऊ शकले नाहीत. ह्यात दोष त्यांच्या हातांचा नसून व्यवस्थेचा होता.

बाळूंची कीर्ती क्लबाच्या कुंपणाबाहेर गेली, तेव्हा पुण्यातील हिंदू क्लबापुढे एक पेच उभा राहिला. युरोपियनांस हरविण्याची इच्छा तर मोठी. आणि ज्याच्या योगाने ती पुरी व्हावी, तो गोलंदाज अस्पृश्य! सभासदांत दोन तट पडले. अखेर जिंकण्याची हौस शिवाशिवीच्या कल्पनेस भारी पडली, आणि बाळूंस संघात घेण्यात आले. पण कसे घेतले, ते ऐकण्यासारखे आहे. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे, तोच चेंडू इतर खेळाडू बिनदिक्कत झेलीत आणि परत त्यांच्याकडे फेकीत. परंतु चहाची वेळ झाली की सगळे मंडपात बसत, आणि बाळूंस मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे आणि बसावयाची जागाही निराळी. चामड्याच्या चेंडूस विटाळ नाही आणि चहाच्या पेल्यास विटाळ आहे, हे तर्कशास्त्र कोणत्या ग्रंथात सापडेल?

बाळूंनी ह्यावर कधी आकांडतांडव केल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी चेंडू टाकीत राहावे आणि गडी बाद करीत राहावे. त्यांच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने सातारच्या युरोपियन जिमखान्यास हरविले, तेव्हा गावात मोठा आनंदोत्सव झाला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी, असे न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी लोकांस समजाविले असे सांगतात. विचार रुजावयास वेळ लागतो; पण बी तेव्हा पडले एवढे खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ पसरली, आणि सुमारे त्याच काळात बाळू मुंबईस आले. तेथे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांस नोकरी मिळाली आणि त्या रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध झाला. परंतु कर्णधार कीर्तिकर ह्यांनी तो मानला नाही. धाकटे बंधू शिवरामही लवकरच नावारूपास आले.

त्या काळी मुंबईतील मोठे सामने जातवारीने व धर्मवारीने होत. आज आपणास ही पद्धत विचित्र वाटेल, आणि ती तशी होतीच. प्रथम युरोपियन व पारशी असे दोनच संघ असत. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंचा संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. मुंबईतील सामान्य माणूस कामधंदा सोडून हा सामना पाहावयास लोटला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. उलट युरोपियन १९१ व १०२ धावांत गारद झाले, आणि हिंदूंस १०९ धावांनी विजय मिळाला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. ज्यांच्या मैदानावर त्यांनी रूळ ओढला होता, त्यांच्याच बिरादरीस त्यांनी बरोबरीच्या नात्याने हार चारली. दुसऱ्या वर्षापासून तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. पुढे १९३७ मध्ये पंचरंगी झाले आणि १९४६ नंतर कायमचे बंद पडले.

आता आपण १९११ सालच्या त्या प्रसिद्ध मोसमाकडे वळू. ह्यापूर्वी १८८६ व १८८८ साली पारशी खेळाडूंचे संघ इंग्लंडला जाऊन आले होते. परंतु सर्व हिंदुस्थानचा म्हणून एकही संघ विलायतेस गेला नव्हता. हिंदू, मुसलमान व पारशी ह्या तिन्ही समाजांतील खेळाडू निवडून तो संघ १९११ साली प्रथमच निघाला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस. जगप्रसिद्ध फलंदाज रणजितसिंहजी संघात नव्हते. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू मात्र होते. ज्यांस आपल्या गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मोकळीक नव्हती, अशा समाजाचे दोन पुत्र हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून आगबोटीत चढले.

मोसमाचा आरंभ मोठा निराशाजनक झाला. जून महिन्यात ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांचे संघ, लॉर्ड्सच्या मैदानावर एम.सी.सी., आणि पाठोपाठ परगण्यांचे बलाढ्य संघ, असे सामन्यामागून सामने पडत गेले, आणि हिंदी संघ एकामागून एक हरत गेला. एम.सी.सी.ने तर एक डाव व १६८ धावांनी पराभव केला. ह्यास कारणे अनेक होती. ते वर्ष पाचव्या जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाचे. २२ जून रोजी तो समारंभ व्हावयाचा होता, आणि लंडनमध्ये मेजवान्यांस व भेटीगाठींस ऊत आला होता. तरुण महाराजांचे बरेचसे लक्ष तिकडे. त्यांनी मोजकेच सामने खेळले. खाशांच्या दिमतीस राहावे लागल्यामुळे मिस्त्रींसारखा निष्णात फलंदाजही संघास फारसा मिळाला नाही. कर्णधार जाग्यावर नाही, हवा परकी, खेळपट्ट्या अनोळखी, आणि सामन्यांच्या तारखा इतक्या जवळ की एका गावाहून दुसऱ्या गावी आगगाडीने पोचावे आणि सकाळी मैदानावर उतरावे. थकलेल्या संघास विसावा म्हणून कसा तो नव्हता.

त्यातच १९११ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये असामान्य कडक व कोरडा गेला. ज्या देशात पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर मंदगती गोलंदाजाचा चेंडू हवा तसा वळतो, तेथे ह्या वर्षी मैदाने वाळून टणक झाली होती. म्हणजे निसर्गही फलंदाजांच्या बाजूस! बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात. संघात त्यांच्या तोडीचा दुसरा गोलंदाज नसल्यामुळे सकाळी चेंडू त्यांच्या हाती पडे तो दुपार टळली तरी सुटत नसे. पण ह्याही स्थितीत केंब्रिजविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावा देऊन आठ गडी टिपले. पहिल्या दर्जाच्या सामन्यांतील त्यांची ही सर्वांत मोठी कामगिरी. लँकेशायरच्या नामांकित संघाचेही एका डावात सात गडी त्यांनी बाद केले. दोन्ही सामने आपण हरलो. एका हाताने पाडलेले भगदाड भरून काढण्यास प्रतिपक्षाकडे दहा हात होते.

मित्रहो, येथे क्षणभर थांबून त्या माणसाच्या मनाचा विचार करा. सात गडी बाद करावे आणि तरी सामना हरावा. पुन्हा दुसऱ्या गावी जावे, पुन्हा तितकेच श्रम करावे, आणि पुन्हा हरावे. दीड महिना हाच क्रम चालला. अशा वेळी साधा माणूस म्हणेल की आता कशास जिवाचा आटापिटा करावा? निकाल तर ठरलेलाच आहे. किंवा तो सोबत्यांवर दोष ढकलील, आणि त्यात बरेचसे सत्यही असेल. बाळूंनी ह्यातले काहीच केले नाही. पुण्यास कोणी पाहत नसता ग्रेगसाहेबांपुढे जसा चेंडू टाकीत, तसाच ते परदेशातील गर्दीपुढे टाकीत राहिले. बालपणापासून दुसऱ्याच्या सोयीसाठी चेंडू टाकण्याची त्यांस सवय होती. फळाची आशा न धरता काम करण्याचे शिक्षण त्यांस दारिद्र्याने फुकट दिले होते.

जुलैच्या मध्यास ह्या तपश्चर्येचे फळ दिसू लागले. लेस्टर येथे लेस्टरशायरशी सामना झाला. डॉक्टर कांगा ह्यांनी शतक ठोकले. मुंबईतील पावसाळी सामन्यांस १९४८ पासून ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे कांगा. गोलंदाजीचा भार नेहमीप्रमाणे बाळूंनी उचलला आणि दोन्ही डावांत मिळून अकरा गडी बाद केले. हिंदी संघाने सात गडी राखून सामना जिंकला. परगण्याच्या संघावर अखिल हिंदी संघाने मिळविलेला हा पहिला विजय होय.

त्यामागोमाग टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध झालेला सामना तर त्याहून रंगला. शेवटच्या डावात हिंदी संघापुढे मोठी धावसंख्या होती, आणि गडी भराभर पडू लागले. तेव्हा शिवराम खंबीरपणे उभे राहिले. ज्या बाळूंच्या हाती पुण्यात कोणी फळी दिली नव्हती, त्या बाळूंनीही अर्धशतक काढून धाकट्या भावास साथ दिली. शिवराम ११३ धावा काढून अखेरपर्यंत नाबाद राहिले, आणि शेवटची जोडी खेळत असता एक गडी राखून विजय पदरात पडला. मोडक्या फळीने खडकीच्या माळावर खेळणारी ती दोन पोरे विलायतेच्या मैदानावर आपल्या देशाची लाज राखीत होती.

पुढील सामन्यांत पुन्हा चढउतार झाले. दुय्यम दर्जाच्या संघांवर काही विजय मिळाले, तर बलाढ्य परगण्यांपुढे पुन्हा हार खावी लागली. मोसम संपला तेव्हा हिशेब असा झाला : एकंदर सामने २३, त्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांत विजय केवळ दोन, आणि ते दोन्ही वर सांगितलेले. संघाच्या दृष्टीने हा मोसम अपयशीच म्हणावा लागेल. परंतु त्याच पानावर दुसरा आकडा आहे. बाळूंनी त्या मोसमात ११४ गडी बाद केले, आणि दर गड्यामागे त्यांस १९ पेक्षाही कमी धावा द्याव्या लागल्या. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्यांनी घेतलेल्या बळींची संख्या ७५ होती. हरणाऱ्या संघातून, टणक खेळपट्टीवर, पस्तिशी गाठलेल्या माणसाने हे केले. इंग्लंडमधील जाणत्यांनी त्यांची तुलना ऱ्होड्स ह्या आपल्या थोर डावखुऱ्या गोलंदाजाशी केली, ह्यात नवल नाही.

बाळू मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांच्या समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. ह्या सत्काराच्या कामी एल्फिन्स्टन कॉलेजातील एका तरुण विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. आपल्यापैकी एकाने केवळ गुणाच्या बळावर जगास मान तुकवावयास लाविली, ही गोष्ट त्या काळी लाखो दीनदुबळ्यांस किती धीर देणारी होती, ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे.

तथापि घरचा न्याय अजून मिळावयाचा होता. अनुभवाने व कर्तबगारीने हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे हे उघड होते. परंतु वर्षामागून वर्षे ते इतरांकडेच जात राहिले. १९१३ साली तर हे चारही भाऊ एकाच वेळी हिंदू संघात होते. त्या वर्षी मुकुंद पै ह्यांस कर्णधार नेमण्यात आले. पै हे थोर मनाचे गृहस्थ. आपल्या सत्काराच्या प्रसंगी उभे राहून त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले की हा मान आपल्याहून ज्येष्ठ असलेल्या बाळूंस मिळावयास पाहिजे होता. मिळालेल्या मानावरही दुसऱ्याचा हक्क आहे असे सांगण्यास मोठे धैर्य लागते.

१९२० साली ही गोष्ट निकरास आली. वयोमानामुळे बाळूंस प्रथम संघातून वगळण्यात आले होते. पै आजारी पडले. तेव्हा कर्णधारपद विठ्ठल ह्यांस न देता पुण्याच्या दि. ब. देवधर ह्यांस देण्यात आले. देवधर हे पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य ठरले, आणि त्यांच्या योग्यतेबद्दल कोणास शंका असण्याचे कारण नाही. परंतु त्या वेळी ज्येष्ठतेचा मान विठ्ठलांचा होता. शिवराम व विठ्ठल ह्यांनी खेळण्याचे नाकारले, आणि जातीच्या कारणाने आपणास डावलले जाते हे जाहीरपणे मांडले. आजवर ज्या घराण्याने मुकाट्याने सोसले, त्याने आता तोंड उघडले. लोकमतही त्यांच्या बाजूस झुकले. पै बरे होऊन परतले, बंधू संघात आले, आणि बाळूंस उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असता पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी संघाची सूत्रे बाळूंच्या हाती राहावी. उभ्या आयुष्यात हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्यास आले ते एवढेच.

मात्र जे वडील भावास मिळाले नाही, ते धाकट्यास मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या हाताखाली संघाने चौरंगी सामन्यांत विजय संपादन केला. ज्या मंडपात बाळूंस आत येण्यास बंदी होती, त्याच समाजातील लोकांनी विठ्ठलांस खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली माझे क्रीडाजीवन ह्या नावाने आपले आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळूंनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. १९३० च्या मार्चात आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो मंदिराच्या दरवाजासाठी होता. बाळूंचा सारा जन्म मंडपाच्या दरवाजासाठी गेला होता. दोन्ही दरवाजे एकाच जातीच्या कुलपाने बंद झालेले होते. १९३२ साली येरवड्यास झालेल्या पुणे करारावर डॉक्टर आंबेडकरांप्रमाणे बाळूंचीही सही आहे. पुढे ह्या दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंस मान्य झाली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या वतीने खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली आणि बाळूंस ११,२२५. एकेकाळी ज्याने सत्कारासाठी खटपट केली, त्याच्याशीच सामना करण्याचा योग आला. उद्दिष्ट एकच असता थोर माणसांचे मार्ग भिन्न असू शकतात, एवढाच बोध आपण त्यातून घ्यावा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंनी देह ठेविला. त्यांच्या अंत्यविधीस क्रीडापटू व लोकप्रतिनिधी मोठ्या संख्येने आले होते. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, दर गड्यामागे सुमारे पंधरा धावा, एवढी त्यांची नोंद कागदावर राहिली आहे. अधिकृत कसोटी सामना खेळण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही. कारण हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, आणि तोवर त्यांचे वय पंचावन्नाच्या पुढे गेले होते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? सामन्याचा जय केवळ एकाच्या हाती नसतो, परंतु आपला चेंडू नीट टाकणे हे सर्वस्वी आपल्या हाती असते, हे १९११ चा मोसम आपणास शिकवितो. तुमचा संघ हरत असेल, वर्गात गुण कमी पडले असतील, कष्ट करूनही फळ दिसत नसेल, तेव्हा लेस्टरपूर्वीच्या त्या दीड महिन्याची आठवण करा. आणि दुसरी गोष्ट खेळाडूंइतकीच पाहणाऱ्यांस व पालकांस लागू आहे. मैदानावर ज्याच्या झेलास आपण टाळ्या वाजवितो, त्याच्याशी मधल्या सुट्टीत आपण कसे वागतो? आपल्या शाळेच्या मैदानावर गोदाकाठच्या वाड्यांतील, वस्त्यांतील आणि आसपासच्या खेड्यांतील मुले एकत्र खेळतात. खेळ आटोपल्यावर त्या सर्वांनी एकाच ओळीत बसून डबा खावा, एकाच नळावर पाणी प्यावे, आणि संघाचा कर्णधार निवडताना केवळ गुणाकडे पाहावे. बाळूंचे स्मरण करण्याचा ह्याहून चांगला मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.